ज्यांना काहीच नको असतं त्यांचा दिवस

माझा फुटबॉल क्लब यंदाही टेबलमधे मधेच कुठेतरी संपणार हे सीझनचे दोन महिने बाकी असतानाच कळलं होतं. अकरावा नाहीतर बारावा. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही फरक पडणार नाही आणि मला उगाच गेल्या दहा वर्षांचा हिशोब द्यावा लागेल. खालच्या लीगमधे पडायची भीती नाही, वर जायची आशा नाही, नुसतं टेबलच्या पोटात गपचूप बसायचं आणि इतरांची धावपळ बघायची. आधी मला याचा फार राग यायचा. शेवटच्या दिवशी सगळं जग देव पाण्यात घालून बसलेलं असतं आणि आपल्याकडे चर्चा काय, तर दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरला आज एक मॅच द्यावी का. म्हणजे सगळ्या वर्गाचा पेपर चालू आणि आपण मागच्या बाकावर चित्रं काढत बसलोय.

पण हल्ली मी शेवटचा दिवस वेगळ्याच डोळ्यांनी बघायला लागलोय. सगळे दोन टोकं बघतात, वर ट्रॉफी कोण उचलतंय आणि खाली कोण रडतंय. मी मधले बघतो. वीस टीमच्या लीगमधे शेवटच्या रविवारी दहा मॅच एकदम चालू होतात, त्यातल्या दोन-तीन मॅचमधे लोकांचा जीव अडकलेला असतो, आणि त्यातही बऱ्याचदा एका बाजूला जिवाच्या आकांताने पळणारी टीम असते आणि समोर अशी एक टीम जिचं यंदाचं सगळं आटपलंय, जिंकले काय नि हरले काय, सुट्टीच्या बॅगा भरून तयार. आणि दुसऱ्याच्या आख्ख्या वर्षाचं काय होणार ते नेमकं यांच्या हातात. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, तसं, फक्त इथे बायजी कधी उदार होते आणि कधी एकदम चिकट, आणि आधी कळायला काही मार्ग नाही.

हे माझ्या डोक्यात बसलं ते १३ मे २०१२ मुळे, तीच ती अग्वेरोवाली मॅच. इंग्लंडच्या लीगचा शेवटचा दिवस. तेव्हा आमच्याकडे एकच टीव्ही आणि दादा कट्टर मँचेस्टर युनायटेडवाला. मँचेस्टर सिटी आणि युनायटेड दोघांचे ८६-८६ पॉइंट, गोल डिफरन्समधे (मारलेले गोल वजा खाल्लेले) सिटी आठने पुढे, म्हणजे सिटीने घरच्या मैदानावर क्यूपीआरला, म्हणजे क्वीन्स पार्क रेंजर्सला, हरवलं की विषय संपला, १९६८ नंतरची पहिली लीग. झाबालेटाने हाफटाइमच्या आधी गोल केला, दादाने तोंड पाडलं. मग ४८व्या मिनिटाला सिसेचा गोल, मग बार्टनला रेड कार्ड, आता दहा जणांत क्यूपीआर काय करणार, तर ६६व्या मिनिटाला मॅकीने हेडर मारला आणि क्यूपीआर २-१ ने पुढे! तिकडे संडरलँडला रूनीच्या गोलवर युनायटेड १-० पुढे. दादा सोफ्यावर उभा. ९० मिनिटं झाली आणि हा माणूस म्हणाला "झालं, संपलं, आपण चॅम्पियन" आणि त्याने टीव्ही बंद केला. बंद! आणि मित्रांना फोन लावायला गॅलरीत गेला. मी लहान, रिमोट त्याच्या खिशात, मी काय बोलणार. पाचेक मिनिटांनी आत आला तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता, फोनवर पलीकडच्याने सांगितलं होतं. जेको ९१:१५, अग्वेरो ९३:२०. गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात भारी गोल मी लाइव्ह बघितलेला नाही आणि त्याला कारण माझा सख्खा भाऊ आहे, हे इथे एकदा लिहून ठेवतो.

नंतर ती मॅच मी निदान वीस वेळा बघितली असेल आणि दर वेळी मी थांबतो ते अग्वेरोवर नाही, त्याच्या दोन मिनिटं आधी. जेकोने २-२ केलं, सेंटरवरून क्यूपीआरने किक-ऑफ घेतला आणि बॉल सरळ लांब मारून बाहेर घालवला, बस. बॉल परत सिटीकडे. का? तर क्यूपीआरचा जीव बोल्टनमधे अडकला होता, बोल्टन स्टोकला जिंकलं असतं तर क्यूपीआर खाली गेलं असतं, पण ती मॅच २-२ अशी सुटलेली होती, म्हणजे क्यूपीआर वाचलेलं, आता इथे हरले तरी चालणार होतं. त्यांनी मुद्दाम सोडलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, दमलेली माणसं होती, दहा जणांत पाऊण तास अंग टाकत होती. पण ज्या टीमला दोन मिनिटांपूर्वी एक पॉइंट प्राणापेक्षा मोठा होता तिला एकदम काहीच नको होतं, आणि त्या दोन मिनिटांतच लीगचा निकाल लागला. त्यात गंमत अशी की क्यूपीआरचा मॅनेजर मार्क ह्यूज, ज्याला सिटीने २००९ मधे काढून टाकलं होतं. असलं लिहून दिलं असतं तर कोणी छापलं नसतं.

बरं, काहीच नको असलेली टीम नेहमी मऊ असते असं जर वाटत असेल तर पेरुजाची गोष्ट ऐका. ही माझी सगळ्यात आवडती.

इटली, १४ मे २०००. युव्हेंटस लाझिओच्या दोन पॉइंट पुढे, शेवटची मॅच पेरुजाला, पेरुजा खाली जाण्यापासून केव्हाच वाचलेलं, म्हणजे कागदावर ही नुसती औपचारिकता. हाफटाइमला ०-० आणि आभाळ फाटलं. पाऊस असा की मैदान नाही, तळं. रेफ्री कोलिना, तोच टकलू मोठ्या डोळ्यांचा, तो छत्री घेऊन मैदानावर येतोय, बॉल टाकून बघतोय, बॉल उसळतच नाहीये, परत आत जातोय. असं तासाच्या वर चाललं. तिकडे रोममधे लाझिओची मॅच संपून गेली, ३-० जिंकले रेजिनाला, आणि लोक घरी जायला तयार नाहीत, स्टेडियममधे बसून कानाला रेडिओ. आपली मॅच संपलीये, आपले खेळाडू आत गेलेत आणि आपण ज्या मॅचची वाट बघतोय ती दुसऱ्याच गावात पाण्यात बुडालीये. मग एकदाचा सेकंड हाफ चालू झाला आणि थोड्याच वेळात पेरुजाच्या कालोरी नावाच्या डिफेंडरने गोल मारला. डिफेंडरने! उरलेला वेळ युव्हेंटसने चिखलातून बॉल ढकलला आणि तो काही आत गेला नाही. १-०. लाझिओ ७२, युव्हेंटस ७१.

आणि आता मेख. पेरुजाचा कोच होता कार्लो मात्सोने, अस्सल रोमचा माणूस आणि जन्मापासून रोमाचा फॅन. रोमा आणि लाझिओ म्हणजे विळा आणि भोपळा, एकाच शहरातले, एकाच स्टेडियममधे खेळणारे. म्हणजे या माणसाने आपलं काम इमानदारीने केलं आणि त्याचं फळ काय, तर आयुष्यभर ज्यांचा तिटकारा केला तेच चॅम्पियन. त्या रात्री मात्सोनेला झोप लागली असेल का हा प्रश्न मला दर वर्षी मे महिन्यात पडतो. टेबलमधे मधे असलेल्या टीमचा मोठेपणा मला इथे दिसतो. बक्षीस नाही, उलट मनस्ताप, तरी खेळले.

लाझिओचं पुढे उलटं झालं, तेही सांगून टाकतो. ५ मे २००२, शेवटचा दिवस, इंटर टेबलमधे पहिलं, मॅच लाझिओकडे. आता लाझिओच्या लोकांनी काय करावं? इंटर हरलं तर रोमा चॅम्पियन व्हायची शक्यता, म्हणून घरच्याच मैदानात घरचेच लोक पाहुण्या इंटरच्या नावाने ओरडत होते. आणि लाझिओचे खेळाडू ४-२ जिंकले! इंटर दोनदा पुढे गेलं आणि दोनदा पोबोर्स्कीने बरोबरी केली, तिसरा गोल सिमेओनेचा, जो आधी इंटरचाच होता, आणि चौथा सिमोने इंझागीचा. इंटरचा ब्राझीलवाला रोनाल्डो बेंचवर तोंड झाकून रडतोय तो फोटो बघितला असेल तुम्ही. इंटर पहिल्यावरून तिसरं, चॅम्पियन युव्हेंटस. तोच इंझागी पुढे इंटरचा कोच झाला आणि २०२५ मधे त्याची लीग एका पॉइंटने गेली, नापोली ८२ इंटर ८१, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात इंटरला घरी २-२ वर कोणी अडवलं होतं? लाझिओने. मी काही नशीब-बिशीब मानणारा नाही, पण इंटरवाल्यांनी लाझिओची मॅच आली की निदान एक नारळ तरी फोडायला हवा.

आपल्याच टीमने हरावं असं वाटणारे फॅन हा प्रकार शेवटच्या दिवशीच बघायला मिळतो. १९९५ ला लिव्हरपूलवाल्यांची अशीच कोंडी झाली होती. ब्लॅकबर्न अॅनफिल्डला आलेलं, त्यांचा मॅनेजर केनी डाल्ग्लिश म्हणजे लिव्हरपूलचा देव, आणि ब्लॅकबर्न हरलं तर लीग युनायटेडला जायची भीती. लिव्हरपूलने अगदी शेवटी रेडनॅपच्या फ्री किकवर २-१ मॅच जिंकली, आणि स्टेडियममधे क्षणभर कोणाला कळेना आनंद मानायचा की कपाळावर हात मारायचा. पण तिकडे लंडनमधे वेस्ट हॅमने, ज्यांना काही मिळवायचं नव्हतं, युनायटेडला १-१ वर अडवून धरलं, त्यांचा गोलकीपर मिक्लोस्को त्या दिवशी भिंत झाला होता. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. हरून चॅम्पियन.

२००५ चं तर विचारूच नका. इंग्लंडमधलं वेस्ट ब्रॉम ख्रिसमसला शेवटचे, शेवटच्या दिवशी सकाळी पण शेवटचे, आणि चार टीममधून एकच वाचणार. त्यांची मॅच पोर्ट्समथशी, आणि पोर्ट्समथवाल्यांना आपल्या टीमचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना फक्त शेजारचं साउदॅम्प्टन खाली जायला हवं होतं. म्हणजे पाहुणे फॅन घरच्या टीमला चिअर करतायत! वेस्ट ब्रॉम २-० जिंकले, साउदॅम्प्टन युनायटेडकडून हरले, नॉर्विच फुलमला ६-० ने गेले, आणि क्रिस्टल पॅलेस चार्ल्टनला ८२व्या मिनिटापर्यंत २-१ ने पुढे होते, म्हणजे वाचलेले, तेवढ्यात चार्ल्टनच्या फॉर्च्युनने हेडर मारला. चार्ल्टनला त्या गोलचं काडीचं काम नव्हतं. पॅलेस खाली. शेवटी मैदानात वेस्ट ब्रॉम आणि पोर्ट्समथचे लोक एकत्र नाचत होते.

स्पेनमधे टेनेरिफे नावाचं बेट आहे, तिथल्या क्लबने रिआल माद्रिदला लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या दिवशी पाडलं. १९९२ ला माद्रिद २-० पुढे होतं, इयेरो आणि हाजीचे गोल, फक्त जिंकायचं होतं, आणि ३-२ हरले. १९९३ ला परत तेच मैदान, परत तोच शेवटचा दिवस, २-० हरले. दोन्ही वेळा बार्सिलोना चॅम्पियन. टेनेरिफेचा कोच वाल्दानो, जो स्वतः माद्रिदचा जुना खेळाडू. माद्रिदने यावर काय केलं माहितीये? १९९४ ला त्यालाच कोच करून आणला, आणि पुढच्याच वर्षी लीग जिंकली. याला म्हणतात व्यवहार.

आणि बार्सिलोनाचं नशीब बघा, १९९४ लाही ते शेवटच्या दिवशी सकाळी दुसरेच होते. पहिलं होतं देपोर्तिवो ला कोरुन्या, ज्यांनी आयुष्यात लीग जिंकली नव्हती. घरी वॅलेन्सियाशी मॅच, जिंकलं की झालं, ०-० चालू आहे आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. नेहमी मारणारा दोनातो बदली होऊन बाहेर बसलेला, बेबेतो पुढे येईना, शेवटी जुकिच नावाचा डिफेंडर गेला. त्याची ती पेनल्टी बघताना मला अजून पोटात खड्डा पडतो, मारण्याआधी तो एक मोठा श्वास घेतो आणि त्याच क्षणी कळतं की ही जात नाही. गोलकीपर गोन्झालेझने आरामात धरली आणि वर मुठी आवळून जल्लोष केला. वॅलेन्सियाला या मॅचमधून काही मिळणार नव्हतं, तरी हा जल्लोष, यावरून ला कोरुन्यात किती वर्षं लोक चिडून होते. मला मात्र वाटतं, अरे, गोलकीपर आहे तो, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली, त्याने काय सॉरी म्हणायचं का? देपोर्तिवोला लीग मिळाली ती थेट २००० मधे.

असल्या मॅचनंतर पैशांच्या गप्पा येतातच. स्पेनमधे त्याला मालेतिन म्हणतात, म्हणजे छोटी बॅग, आणि बॅगेत काय असतं ते सांगायला नको. तिसराच क्लब येतो आणि म्हणतो, तुम्ही यांना हरवा, आम्ही तुमचं बघतो. हरायला पैसे दिले तर तो गुन्हा हे सगळ्यांना पटतं, पण जिंकायला दिले तर त्यात वाईट काय असं म्हणणारे भेटतात, आमच्या ग्रुपवर तर यावरून दोन जण महिनाभर बोलत नव्हते. नियमाने तेही बंदच आहे आणि ते बरोबरच आहे. एकदा बॅग आली की मात्सोनेच्या गोष्टीत राम उरत नाही ना. बिनपैशाचा हट्ट हीच तर त्यातली मजा.

सगळ्या मॅच एकाच वेळी का ठेवतात हे भाचीने परवा विचारलं, तिला वाटलं टीव्हीवाल्यांसाठी. टीव्हीवाल्यांना उलट एकामागून एक आवडलं असतं. कारण आहे १९८२ चा वर्ल्ड कप, स्पेनमधलं हिहोन. अल्जीरियाची शेवटची मॅच आदल्या दिवशीच होऊन गेलेली, त्यामुळे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघांनाही आधीच माहीत की जर्मनी १-० जिंकली तर दोघं पुढे, अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेली ऐंशी मिनिटं दोन्ही टीम बॉल इकडून तिकडे फिरवत राहिल्या. अल्जीरियाचे लोक स्टँडमधून नोटा हलवून दाखवत होते. पुढच्या वर्ल्ड कपपासून ग्रुपच्या शेवटच्या मॅच एकाच वेळी व्हायला लागल्या, आणि लीगमधेही शेवटच्या फेरीला तोच न्याय. भाचीला सांगितलं की पेपर फुटू नये म्हणून सगळ्या सेंटरवर एकाच वेळी ठेवतात तसं. लगेच पटलं.

पण एकाच वेळी ठेवलं तरी दोन घड्याळं काही जुळत नाहीत, आणि सगळ्यात मोठं रडगाणं त्यातूनच येतं. जर्मनीचं शाल्के, १९ मे २००१. १९५८ नंतर लीग नाही. घरी उंटरहाखिंगला ५-३ हरवून मोकळे झाले. आता बायर्न हॅम्बुर्गला हरायला हवं. हॅम्बुर्ग टेबलच्या खालच्या अर्ध्यात पण सुखरूप, म्हणजे माझ्या जातीचे, काही देणंघेणं नाही. आणि ९०व्या मिनिटाला बार्बारेझने हॅम्बुर्गकडून हेडर मारला. १-०! शाल्केच्या स्टेडियममधे लोक मैदानात, कोणीतरी सांगितलं तिकडची मॅच संपली, रडारड, मिठ्या, फटाके. आणि मोठ्या पडद्यावर हॅम्बुर्गचं चित्र चालू झालं तर मॅच संपलेलीच नाही! लोक पडद्याकडे बघतायत आणि पडद्यावर हॅम्बुर्गचा गोलकीपर आपल्याच माणसाचा बॅकपास हाताने उचलतोय, जे चालत नाही. पेनल्टी बॉक्सच्या आत इनडायरेक्ट फ्री किक. बायर्नच्या अँडरसनने माणसांच्या गर्दीतून जमिनीलगत फटका मारला आणि आत. १-१. बायर्न ६३, शाल्के ६२. चार मिनिटं चॅम्पियन होते ते. बोहल्यावर उभा केलेला नवरा आणि अंतरपाटापलीकडे कोणीच नाही.

आणि बॅकपास उचलणारा तो गोलकीपर कोण? माथियास शोबर. शाल्केचाच. हॅम्बुर्गला लोनवर दिलेला.

बिचाऱ्याला किती वर्षं लोकांनी छळलं असेल. मी तो क्षण परत परत बघितलाय, त्याने उचलला नसता तर काय, बायर्नचा माणूस अंगावर येतच होता, सेकंदाचा निर्णय. जर्मनीत शाल्केला त्या वर्षापासून 'काळजातले चॅम्पियन' म्हणतात, ऐकायला गोड आहे, पण कपाटात काय ठेवणार.

२०२३ ला डॉर्टमुंडचं झालं तेही याच घराण्यातलं. दोन पॉइंट पुढे, घरची मॅच, समोर माइन्झ, नववे, काही मिळवायचं नाही, आधीच्या चार मॅच ओळीने हरलेले. चोविसाव्या मिनिटाला माइन्झ २-० पुढे! मधल्यामधे आलेरने पेनल्टी घालवली, कॅन्सरमधून उठून परत खेळायला आलेला माणूस, त्याच्यावर चिडता पण येत नाही. डॉर्टमुंडने ओढून २-२ केलं, तिकडे कोलोनमधे मुसियालाने ८९व्या मिनिटाला बायर्नला २-१ करून दिलं, दोघांचे ७१ पॉइंट आणि गोल डिफरन्सवर बायर्न, सलग अकराव्यांदा. त्या दिवशी मी डॉर्टमुंडकडून होतो, सगळे तटस्थ लोक डॉर्टमुंडकडूनच होते, आणि तरी माइन्झचा दुसरा गोल झाला तेव्हा मी नकळत टाळी वाजवली. घरात सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

आपल्याकडचं एक सांगतो आणि मग थांबतो. २०१७, आय-लीग, आयझॉल एफसी, जे आदल्या वर्षी रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या लीगमधे गेले होते आणि मग परत घेतले गेले. शेवटच्या दिवशी शिलाँगला लाजाँगविरुद्ध फक्त एक पॉइंट हवा. ईशान्येचा क्लब पहिल्यांदा चॅम्पियन होणार, शेजारचीच टीम समोर, सोडून देतील म्हणावं, तर लाजाँगने नवव्या मिनिटालाच गोल टाकला. बरोबरी व्हायला ६७वं मिनिट उजाडलं. १-१, आयझॉल ३७, मोहन बागान ३६. कोच खालिद जमील. लाजाँगने सहज दिलं असतं तर त्या ३७ ला एवढा भाव राहिला नसता.

तर यंदा. शेवटच्या रविवारी टीव्हीवर मोठी मॅच, मांडीवर लॅपटॉपवर माझा क्लब, फोनवर टेबल. माझ्या क्लबची मॅच अशा टीमशी जिला वाचायला जिंकायचं होतं. ती पोरं पहिल्या मिनिटापासून धडका मारत होती, आमचे आरामात, एक जण तर बूटाची लेस बांधण्यात एवढा वेळ घेत होता की मला वाटलं घरून फोन आला असेल. तासाभरानंतर आमच्या एका पोराने, या सीझनला दुसरी की तिसरीच मॅच असेल त्याची, उगाच लांबून मारला आणि तो बसला कोपऱ्यात. तो पोरगा आधी धावत सुटला, मग समोरच्या स्टँडकडे बघितलं आणि हळूहळू चालायला लागला. तिथे लोक डोकं धरून बसले होते. मी पण काही ओरडलो नाही. आमचा अकरावा नंबर तसाच राहिला, त्यांचं वर्ष संपलं. मॅच संपल्यावर आमचा म्हातारा लेफ्टबॅक, त्याची शेवटची मॅच होती, हार-फुलं बाजूला ठेवून त्यांच्या गोलकीपरशेजारी मैदानात जाऊन बसला. काय बोलत होते दिसलं नाही, कॅमेरा लगेच हलला.

टीव्हीवर मोठी मॅच अजून चालू होती, ८९वं मिनिट, २-० आणि दुसरीकडचा स्कोअरही जुळलेला. दादा, आता केस पांढरे झालेत त्याचे, उठला, हात वर करून आळस दिला आणि म्हणाला "झालं रे, संपलं, रिमोट कुठाय?"

रिमोट मी किक-ऑफच्या आधीच उशीखाली घालून त्यावर बसलो होतो.